अग्रनिरीक्षक, तोफखान्याचा (व्हिएटनाम युद्ध)

अग्रनिरीक्षक, तोफखान्याचा (व्हिएटनाम युद्ध) : पायदळाच्या तुकडीबरोबर राहून मागच्या तोफांचा मारा बिनतारी संदेशाने नियंत्रित करणारा तोफखान्याचा कनिष्ठ अधिकारी. अमेरिकेच्या व्हिएटनाममधील युद्धात (१९६५–७३) हे काम बहुधा नुकतेच राजादेश मिळालेल्या सेकंड लेफ्टनंटकडे येई. त्याचे वय बावीस ते पंचवीस वर्षांचे असे. सहा तोफांच्या बॅटरीचा, प्रसंगी अनेक बॅटऱ्यांचा मारा कोठे पडावा हे त्याच्या शब्दावर ठरे; मात्र तोफा स्वतः त्याच्या दृष्टीआड, कित्येक किलोमीटर अंतरावर असत. सैन्याच्या उतरंडीत इतक्या खालच्या पायरीवर एवढी संहारशक्ती एकाच्या हाती क्वचितच दिली जाते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण व्हिएटनाम यांच्या तोफखान्यांतही असे अधिकारी होते. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने अमेरिकी व अँझॅक अग्रनिरीक्षकांचा विचार केला आहे.

व्हिएटनामच्या भूमीवर तोफखान्याचे महत्त्व त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. १९५४ साली दिएन बिएन फू येथे व्हो न्गुयेन जीआप याच्या सेनेने सुटे केलेले तोफांचे भाग डोंगरांवर चढवून नेले, त्या बोगदेवजा मोर्च्यांत दडविल्या आणि खालच्या खोऱ्यातील फ्रेंच तळ भाजून काढला. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल शार्ल पीरोत याने शत्रूच्या तोफा सहज बंद पाडण्याची ग्वाही दिली होती. ती खोटी ठरताच त्याने आत्महत्या केली. अकरा वर्षांनी आलेल्या अमेरिकी सेनेजवळ तोफा, दारूगोळा व हेलिकॉप्टरे यांची वाण नव्हती. तिची अडचण निराळी होती : शत्रू दिसत नव्हता. आघाडीची रेषाच नसल्यामुळे तोफा एका दिशेकडे तोंड करून मांडण्यात अर्थ नव्हता. यावर उपाय म्हणून सर्व दिशांना मारा करू शकणारे तोफतळ देशभर उभारण्यात आले. टेकडीचा माथा साफ करून, वाळूच्या पोत्यांचे व मातीचे बांध घालून असा तळ एका दिवसात उभा राही. तोफा हेलिकॉप्टरला टांगून आणीत. पाच तोफा चांदणीच्या पाच टोकांवर आणि सहावी मध्यभागी, अशी मांडणी सर्वसाधारण असे. पायदळाने शक्यतो आपल्या तोफांच्या पल्ल्याबाहेर जाऊ नये, हा अलिखित दंडक होता. १०५ मिमी. हॉवित्झरचा पल्ला सुमारे ११ किमी. असल्याने त्या अंतराचे वर्तुळ हेच बहुतेक कंपन्यांचे जग झाले होते.

प्रशिक्षण व नेमणूक : अमेरिकी तोफखान्याची शाळा ओक्लाहोमा राज्यातील फोर्ट सिल येथे आहे. वेस्ट पॉइंटची अकादमी व विद्यापीठांतील राखीव अधिकारी प्रशिक्षण दल यांतून येणारे अधिकारी अपुरे पडू लागले, तेव्हा फोर्ट सिल येथील अधिकारी-उमेदवार शाळेचा विस्तार करण्यात आला. साध्या सैनिकांतून निवडलेल्या उमेदवारांना तेथे २३ आठवड्यांत अधिकारी बनवीत. १९७३ मध्ये ही शाळा बंद झाली. तेथील विद्यार्थी मोकळ्या, उघड्या माळावर उभे राहून दुर्बिणीतून दोन-तीन किमी. अंतरावरील जुन्या मोटारींच्या सांगाड्यांवर गोळे पाडण्यास शिकत. हे शिक्षण चोख होते; पण पुढे ज्या अरण्यात त्याचा उपयोग करावयाचा, तेथे वीस पावलांपलीकडचे दिसत नसे.

व्हिएटनाममधील सेवेची मुदत भूसेनेत १२ महिन्यांची होती. नवा लेफ्टनंट आला की त्याला साधारणपणे प्रथम अग्रनिरीक्षक म्हणून एखाद्या पायदळ कंपनीकडे धाडीत. सुमारे सहा महिने तग धरल्यास त्याला तोफतळावर परत बोलावून मारागणना केंद्राचा अधिकारी किंवा तोफांजवळचा कार्यकारी अधिकारी नेमीत. या पद्धतीत एक उणीव होती. अधिकारी वाटा, झाडी आणि आपली कंपनी यांना सरावला, की त्याची बदली होई आणि त्याच्या जागी पुन्हा नवशिका येई. तिचा एक फायदाही होता. मारागणना केंद्रात बसणारा माणूस स्वतः झाडीत राहून आलेला असल्याने बिनतारीवरील घाबऱ्या आवाजाचा अर्थ त्याला कळे.

अग्रनिरीक्षकाचा चमू तिघांचा असे : तो स्वतः, एक निरीक्षण सार्जंट आणि एक संदेशक. संदेशकाच्या पाठीवर सुमारे साडेदहा किग्रॅ. वजनाचे पीआरसी-२५ हे यंत्र असे. त्याची हलणारी आकाशतार आणि शेजारी नकाशा उलगडून उभा असलेला माणूस, एवढे दिसले की कोणाला प्रथम टिपावयाचे हे दबा धरून बसलेल्या नेमबाजास कळे. म्हणून पुष्कळ अधिकारी हुद्द्याची चिन्हे काढून ठेवीत, नकाशा आडोशाला उघडीत आणि संदेशकास आकाशतार वाकवून बांधावयास लावीत. तोफखान्याचा असूनही हा अधिकारी पायदळाबरोबरच चाले, त्यांच्याच खड्ड्यात झोपे आणि त्यांचेच डबाबंद अन्न खाई. ‘आपला तोफवाला’ ही पदवी मिळेपर्यंत कंपनी त्याच्याकडे संशयाने पाही, आणि पहिला गोळा बरोबर पडल्यावर ती मिळे.

माऱ्याची रीत : अग्रनिरीक्षकाला तोफेच्या नळीचा कोन किंवा दारूचे मान ठरवावे लागत नसे. लक्ष्य कोठे आहे व काय आहे, आणि पहिला गोळा लक्ष्यापासून किती व कोणत्या बाजूस पडला, एवढेच तो सांगे. बाकीचे गणित मारागणना केंद्रात होई. तेथे आलेख, पट्ट्या व कोष्टके यांच्या साहाय्याने, पुढे पुढे एका अवजड इलेक्ट्रॉनीय गणकयंत्राच्या मदतीनेही, तोफांसाठी दिशा, उन्नतांश आणि दारूचे मान काढीत. वाऱ्याची गती, हवेचे तापमान, दारूची ऊब, नळीची झीज या सर्वांचा गोळ्याच्या मार्गावर परिणाम होतो. १०५ मिमी. तोफेच्या काडतुसात दारूच्या सात पिशव्या असत. पल्ल्यानुसार नको त्या पिशव्या काढून टाकावयाच्या. एक पिशवी जास्त काढली गेली, तर गोळा अनेकशे मीटर अलीकडे, म्हणजे कित्येकदा आपल्याच माणसांत, पडे. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे गणित करून ताळा पाहण्याची शिस्त कडकपणे पाळावी अशी अपेक्षा असे.

निरीक्षक कोनांचे मोजमाप ‘मिल’ या एककात करतो. पूर्ण वर्तुळाचे ६,४०० मिल होतात. १,००० मी. अंतरावर १ मिल म्हणजे सुमारे १ मी. रुंदी होय. २ किमी. अंतरावरील लक्ष्याच्या डावीकडे ४० मिलवर गोळा फुटला, तर तो ८० मी. चुकला, निरीक्षक ‘उजवीकडे ८०’ असे कळवितो. अंतराचा अंदाज मात्र डोळ्यांना इतका सहज येत नाही. म्हणून एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे व एक अलीकडे पाडून लक्ष्य कात्रीत पकडावयाचे आणि ती कात्री ४००, २००, १०० मी. अशी निम्म्यानिम्म्याने आवळीत न्यावयाची, ही फोर्ट सिलची मूळ रीत. शेवटी सर्व तोफांनी एकदम मारा करण्याची मागणी होई.

अरण्यात ही रीत उलटी करावी लागे. शत्रू शंभर मीटरांवर असताना अलीकडे गोळा पाडणे म्हणजे आत्मघात. म्हणून पहिला गोळा मुद्दाम दूर, सुरक्षित ठिकाणी मागवीत, आणि तोही पुष्कळदा उंच हवेत फुटणारा, पांढऱ्या फॉस्फरसाचा. झाडांच्या शेंड्यांवर त्याचा पांढरा झुबका दिसला तर ठीक. नाहीतर केवळ आवाजावरून दिशा ठरवून मारा ५०-५०, मग २५-२५ मीटरांनी आपल्याकडे सरकवीत आणावा लागे. अंधाऱ्या झाडीत हे काम डोळ्यांपेक्षा कानांचे होते.  तोफांपासून लक्ष्यापर्यंतची रेषा कोणत्या अंगाने जाते हेही त्याला सदैव ध्यानात ठेवावे लागे. एकाच तोफेचे, एकाच मापाने सोडलेले गोळे एका बिंदूवर पडत नाहीत. ते लांबट वर्तुळात विखुरतात आणि ते वर्तुळ माऱ्याच्या रेषेत लांब, आडवे अरुंद असते. त्यामुळे आपल्या डोक्यांवरून जाणारा मारा बाजूने येणाऱ्या माऱ्याहून अधिक धोक्याचा.

या सर्वांच्या मुळाशी एक साधा प्रश्न असे : आपण स्वतः कोठे आहोत? १:५०,००० प्रमाणाचे नकाशे, होकायंत्र आणि मोजलेली पावले एवढ्यावर याचे उत्तर काढावे लागे. सपाट झाडीत एक ओढा दुसऱ्यासारखाच दिसतो. शंका आली की निरीक्षक नकाशावरील एखाद्या ठरावीक बिंदूवर हवेत फुटणारा एक गोळा मागवी, त्याची दिशा घेई, दुसऱ्या बिंदूवर आणखी एक मागवी आणि दोन रेषांच्या छेदावरून आपला ठावठिकाणा पक्का करी. कंपनीचा कॅप्टन व तोफखान्याचा लेफ्टनंट यांच्यात नकाशावरून वाद होणे ही नित्याची गोष्ट होती. अशा वादात लेफ्टनंटाने हुद्द्यापुढे मान तुकवू नये, असे जाणते सार्जंट त्याला पहिल्याच दिवशी सांगत.

लाँग तान : अग्रनिरीक्षकाच्या कामाचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे १८ ऑगस्ट १९६६ रोजीची लाँग तानची लढाई. रॉयल ऑस्ट्रेलियन रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनची ‘डी’ कंपनी नुई दात येथील तळापासून काही किलोमीटरांवरील रबराच्या मळ्यात शिरली. कंपनीत १०८ जण होते. त्यांपैकी तिघे न्यूझीलंडचे, म्हणजे कॅप्टन मॉरिस स्टॅन्ली याचा निरीक्षक चमू. दुपारी उशिरा चकमक सुरू झाली आणि थोड्याच वेळात कंपनीस तिच्या अनेक पट शत्रुसैन्याने घेरले. त्याच वेळी मोसमी पाऊस कोसळू लागला. दृष्टी काही मीटरांवर आली. पुढे गेलेली अकरावी प्लाटून मुख्य कंपनीपासून तुटली. तिचा नायक सेकंड लेफ्टनंट गॉर्डन शार्प हा एकवीस वर्षांचा, सक्तीच्या भरतीतून आलेला अधिकारी होता. तोफांचे गोळे कोठे पडत आहेत हे पाहण्यासाठी तो उठला आणि गोळी लागून ठार झाला. सार्जंट बॉब ब्यूइक याने सूत्रे हाती घेतली. लढू शकणारे दहाएक लोक उरले असता त्याने थेट आपल्याच जागेवर मारा करण्याची विनंती केली.

स्टॅन्लीने ती विनंती मान्य केली नाही. त्याऐवजी त्याने मारा त्या प्लाटूनच्या तोंडाशी, माणसे मरणार नाहीत इतक्याच अंतरावर आणून ठेवला. ही माणसे त्याला दिसत नव्हती. पावसाच्या आवाजात बिनतारीवर जे ऐकू येई त्यावरून आणि नकाशावरून त्याने हे साधले. पुढे त्या प्लाटूनचे वाचलेले सैनिक मागे येऊन कंपनीस मिळाले. मेजर हॅरी स्मिथच्या त्या कंपनीमागे एकूण २४ तोफा होत्या : ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या तीन बॅटऱ्यांच्या १०५ मिमी.च्या अठरा आणि अमेरिकेच्या १५५ मिमी.च्या सहा. साडेतीन तासांत त्यांनी सुमारे ३,५०० गोळे सोडले. तोफांभोवती दारूचा धूर पावसामुळे जमिनीलगत कोंदला होता, आणि स्वयंपाकी व कारकून गोळे वाहून नेत होते. संध्याकाळी चिलखती गाड्यांतून कुमक पोहोचली. ऑस्ट्रेलियाचे १८ सैनिक मरण पावले व २४ जखमी झाले. शत्रूची २४५ प्रेते रणभूमीवर मोजण्यात आली. तोफखाना नसता तर ‘डी’ कंपनीतील कोणीही परत आला नसता, याविषयी तीत लढलेल्यांत दुमत नाही.

या कथेला एक उत्तरकांड आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूझीलंडच्या त्याच १६१ व्या बॅटरीचे गोळे चुकून त्याच ‘डी’ कंपनीवर पडले. चार सैनिक मृत्युमुखी पडले. लाँग तानच्या पावसात जखमींना उचलून आणणारा आणि दारूगोळा वाटत फिरणारा कंपनी सार्जंट मेजर जॅक कर्बी हा त्यांपैकी एक होता.

ऑंग थान्ह : हॅरल्ड बॅस्कम डरॅम (१२ ऑक्टोबर १९४२–१७ ऑक्टोबर १९६७) याचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॉकी माउंट येथे झाला, तो वाढला जॉर्जिया राज्यातील टिफ्टन या गावी. पंधराव्या तोफखाना रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनच्या ‘सी’ बॅटरीतील हा सेकंड लेफ्टनंट पहिल्या पायदळ डिव्हिजनमधील अठ्ठाविसाव्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनकडे अग्रनिरीक्षक होता. १७ ऑक्टोबर १९६७ रोजी सकाळी ही बटालियन दोन कंपन्यांनिशी सायगाँवच्या उत्तरेकडील अरण्यात ऑंग थान्ह ओढ्याजवळ शत्रूचा माग काढीत निघाली. व्हिएटकाँगची २७१ वी रेजिमेंट मातीच्या भक्कम खंदकांत तिची वाट पाहत होती. दहाच्या सुमारास गोळीबार सुरू झाला.

डरॅम ‘डी’ कंपनीबरोबर होता. त्याने उघड्यावर येऊन मारा जुळविण्यास प्रारंभ केला आणि मध्ये थोडी उसंत मिळताच जखमींवर प्रथमोपचार केले. इतक्यात पुढील ‘ए’ कंपनीचा निरीक्षक पडल्याचे त्यास समजले. स्वतःची जागा सोडून तो तिकडे धावला. वाटेत शत्रूने उडविलेल्या क्लेमोर सुरुंगाचे छर्रे त्याच्या डोक्यात घुसले आणि त्याची दृष्टी अधू झाली. तरीही बिनतारी त्याने सोडली नाही. शत्रू अंगावर येऊ लागला तेव्हा त्याने जवळजवळ आपल्याच जागेवर गोळे मागविले आणि चढाई दोनदा परतविली. नंतर दुसऱ्या जागी हलविल्यावर, अत्यंत दुर्बल अवस्थेतही तो मारा जुळवीत राहिला.  अखेरच्या क्षणी जखमींच्या रोखाने येणाऱ्या दोघा शत्रुसैनिकांची त्याने ओरडून सूचना दिली आणि शेजारच्या सैनिकाने त्यांना टिपले. पाचच दिवसांपूर्वी त्याला पंचविसावे वर्ष पूर्ण झाले होते. अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान ‘मेडल ऑफ ऑनर’ त्यास मरणोत्तर देण्यात आला.

त्या दिवशी बटालियनचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल टेरी ॲलन (कनिष्ठ) याच्यासह ६४ अमेरिकी सैनिक मरण पावले आणि ७५ जखमी झाले. सैन्याच्या प्रसिद्धीपत्रकांत या लढाईस विजय म्हटले गेले आणि शत्रूची शंभरावर माणसे मारल्याचा दावा करण्यात आला. त्या आकड्यावर पुढील अभ्यासकांचा विश्वास नाही आणि लढाईतून वाचलेल्यांचाही नव्हता. अमेरिकी पत्रकार डेव्हिड मरॅनिस याने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या दिवसाचा वृत्तांत दोन्ही बाजूंच्या सैनिकांना भेटून लिहिला आहे. शौर्य आणि पराभव एकाच ठिकाणी असू शकतात, हे मान्य करणे तत्कालीन सेनाधिकाऱ्यांना जड गेले असे दिसते.

अग्रनिरीक्षक पायदळाबरोबर फिरताच असे असे नाही. ब्रायन माइल्स थॅकर हा पहिल्या बटालियनच्या (९२ वा तोफखाना) ‘ए’ बॅटरीतील लेफ्टनंट १९७१ मध्ये कोन्तुम प्रांतातील सहा क्रमांकाच्या तोफतळावर लहानशा निरीक्षण चमूचा प्रमुख होता. तेव्हा अमेरिकी पायदळ माघारी जात होते आणि हा तळ दक्षिण व्हिएटनामी सैन्याच्या ताब्यात होता. ३१ मार्च रोजी पहाटे शत्रू तळात शिरला. थॅकरने हवाई हल्ले व तोफमारा यांचे संचालन केले. तळ हातचा गेल्याचे दिसताच त्याने इतरांना बाहेर काढले, स्वतः मागे राहून बंदुकीने त्यांना संरक्षण दिले आणि शेवटी आपल्याच जागेवर मारा मागविला. तो जखमी अवस्थेत तळाजवळच्या झाडीत आठ दिवस अन्नपाण्याविना लपून राहिला. तळ परत जिंकल्यावर तो सापडला. १९७३ मध्ये त्यास मेडल ऑफ ऑनर मिळाले. आपल्यावरच गोळे मागविणारा माणूस वाचावा, ही या युद्धातील दुर्मिळ घटना होय.

तोफतळावरील सेवा : झाडीतून परतलेल्या लेफ्टनंटला तोफतळ सुरक्षित वाटे, पण हा समज अनेकदा फसवा ठरला. २१ मार्च १९६७ रोजी सुओई त्रे येथील ‘गोल्ड’ तळावर व्हिएटकाँगच्या २७२ व्या रेजिमेंटने चढाई केली तेव्हा तोफांच्या नळ्या आडव्या करून समोरासमोर मारा करावा लागला. त्यांत ‘मधमाश्यांचे पोळे’ या टोपणनावाचे गोळे होते. अशा एका गोळ्यातून पोलादाचे सुमारे ८,००० बारीक बाण सुटतात. तेथील तोफखाना बटालियनचा नायक जॉन व्हेसी हा पुढे (१९८२–८५) अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांचा अध्यक्ष झाला. खे सान्ह येथे १९६८ मधील सत्त्याहत्तर दिवसांच्या वेढ्यात मरीन तोफखान्याने दीड लाखावर गोळे सोडले आणि त्याच काळात उत्तर व्हिएटनामी तोफांचे व अग्निबाणांचे गोळे रोज अंगावर घेतले. उत्तरेजवळच्या सोव्हिएट बनावटीच्या १३० मिमी. तोफेचा पल्ला सुमारे २७ किमी. होता. अमेरिकेची १५५ मिमी. हॉवित्झर तिच्यापुढे तोकडी पडे; केवळ १७५ मिमी.ची तोफच तिला पोहोचू शके. (हीच १३० मिमी. तोफ भारतीय तोफखान्यानेही १९७१ च्या युद्धात वापरली.)

रात्री तळावर विशेष घडत नसले तरी तोफा बोलतच असत. शत्रू जेथे असू शकेल अशा पायवाटा, ओढ्यांचे उतार, झाडीतील मोकळ्या जागा यांची यादी करून त्यांवर अधूनमधून गोळे टाकीत. ‘सतावणूक व अटकाव’ या नावाने ओळखला जाणारा हा मारा कोणी पाहत नसे. तो नकाशावर होई आणि त्याचा परिणाम कधीच कळत नसे. युद्धाच्या पूर्वार्धात दारूगोळ्याचा फार मोठा भाग यात खर्च झाला. न फुटलेले गोळे व्हिएटकाँगच्या हाती पडत आणि त्यांतील दारू सुरुंग होऊन परत येई. संरक्षण खात्याच्या विश्लेषकांनी त्या काळीच या माऱ्यावर टीका केली होती. पुढे तो बराच कमी करण्यात आला.

गोळा टाकण्यापूर्वी परवानगी लागे. त्या क्षेत्रात मित्रसेना नाही हे सैनिकी मुख्यालयाने आणि नागरिक नाहीत हे जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या व्हिएटनामी अधिकाऱ्याने सांगावे, असा नियम होता. चकमकीत सापडलेल्या कंपनीला ही मिनिटे युगांसारखी वाटत, आणि लेफ्टनंटच्या आठवणींत परवानगीबद्दलची चीड सर्वत्र आढळते. परंतु ज्यांच्या भातशेतांवर गोळे पडत त्यांना हा नियम फारच थोडे संरक्षण देई. ‘मुक्त मारा क्षेत्र’ म्हणून घोषित केलेल्या भागांत तर तो लागूच नव्हता. तेथील गावे रिकामी केल्याचे कागदोपत्री गृहीत धरलेले असे. प्रत्यक्षात शेतकरी आपल्या जमिनीकडे आणि पूर्वजांच्या थडग्यांकडे परत येत. दुर्बिणीतून दिसणारा काळ्या कपड्यांतील माणूस नांगर धरतो आहे की बंदूक, हे दोन किमी. अंतरावरून बावीस वर्षांच्या तरुणास ठरवावे लागे. चुकीचे उत्तर त्याला बहुधा कधीच कळत नसे. कळले तर ते आयुष्यभर पुरे.

आपल्याच गोळ्यांनी आपली माणसे मरणे हा तोफखान्याचा जुना शाप होय. १९७० च्या फेब्रुवारीत आयोवा राज्यातील एका शेतकरी कुटुंबाचा मुलगा रात्री झोपेत स्वतःच्या बाजूच्या गोळ्याने ठार झाला. मारागणना करताना टेकडीवरील झाडांची उंची विचारात घेतली गेली नव्हती. गोळा शेंड्यावर आपटून फुटला. सरकारी तारेतील गुळमुळीत शब्दांनी त्या आईवडिलांचे समाधान झाले नाही आणि त्यांनी सत्याचा पाठपुरावा केला. सी. डी. बी. ब्रायन याने तो वृत्तांत फ्रेंडली फायर (१९७६) या ग्रंथात दिला. त्यावर १९७९ मध्ये दूरचित्रवाणीपटही निघाला. झाडाची उंची विसरणे ही चूक थकलेल्या माणसाची आहे, दुष्टाची नव्हे. पण गणिताला थकव्याची सबब चालत नाही.

उत्तरकाल : व्हिएटनाममध्ये अग्रनिरीक्षक म्हणून सेवेस प्रारंभ केलेल्यांपैकी काही जण पुढे अमेरिकी सेनेच्या शिखरावर पोहोचले. टॉमी फ्रँक्स हा १९६७ मध्ये फोर्ट सिलच्या उमेदवार शाळेतून अधिकारी झाला आणि नवव्या पायदळ डिव्हिजनबरोबर निरीक्षक म्हणून लढताना तीनदा जखमी झाला. २००३ मधील इराकवरील स्वारीचा तो सेनापती होता. एरिक शिन्सेकी याची व्हिएटनाममधील पहिली सेवा तोफखाना निरीक्षकाची होती. दुसऱ्या वेळी सुरुंगाने त्याच्या पावलाचा भाग गेला, तरी तो सैन्यात टिकून १९९९–२००३ या काळात भूसेनाप्रमुख झाला. बहुसंख्य लेफ्टनंट मात्र वर्ष संपताच नागरी जीवनात परतले. दारूच्या धक्क्यांनी कायमचे मंदावलेले कान हा त्यांच्यातील सामाईक वारसा.

व्हिएटनाममध्ये युद्ध संपल्यावरही गोळे फुटतच राहिले. जमिनीत रुतलेल्या बाँब व गोळ्यांमुळे १९७५ नंतर सुमारे ४०,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचा तेथील सरकारचा अंदाज आहे. जुन्या सीमारेषेलगतच्या क्वांग त्री भागात हे प्रमाण विशेष आहे आणि तेथे गोळे शोधून निकामी करण्याचे काम पुढील कित्येक दशके चालू राहिले.

अमेरिकी सैन्याने १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात निरीक्षण-पद्धतीची फेररचना केली. एकट्या लेफ्टनंटाच्या तिघांच्या चमूऐवजी प्रत्येक कंपनीस मोठे मारासाहाय्य पथक देण्यात आले आणि तोफा, उखळी तोफा व विमाने यांचा समन्वय त्याच्याकडे सोपविण्यात आला. लेसर अंतरमापकामुळे लक्ष्यापर्यंतचा पल्ला अंदाजाने ठरविण्याची गरज उरली नाही. उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीमुळे निरीक्षक स्वतः कोठे उभा आहे हा वादही मिटला. होकायंत्र व कागदी नकाशा यांवरून मारा मागविण्याचे शिक्षण फोर्ट सिल येथे त्यानंतरही चालू ठेवण्यात आले.